जुन्या लष्करी रायफलीवर पुन्हा पुन्हा येणारा गंज : कारण कुठे शोधावे आणि कुठे थांबावे

जुन्या लष्करी रायफली हौसेने जमवणाऱ्या आणि स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. महिनाभर खपून गंज काढलेला असतो, धातूला नव्याने ब्लूइंग (पोलादावर रसायनाने दिलेला निळसर-काळा थर) केलेले असते, दस्त्याला जवसाचे तेल पाजलेले असते, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी तोच तांबूस ठिपका परत दिसू लागतो. मग आपण पुन्हा घासायला बसतो. माझ्या पहिल्या रायफलीच्या रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या मधल्या पोलादी भागावरचा, असाच एक ठिपका मी चार वेळा घासून काढला होता. पाचव्या वेळी गंज तिथेच होता, शेजारचा तपासनिसाचा शिक्का मात्र बोटाला लागेनासा झाला होता. गंजाने त्या रायफलीचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक मी केले.

त्यानंतर वेगवेगळ्या रायफलींवर हाच दोष मी अनेकदा दुरुस्त केला आहे आणि आता माझा क्रम ठरलेला आहे : गंज परत आला की धातूला हात लावण्याआधी त्याला पोसणारी गोष्ट शोधायची. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात हे खरे, पण गंज एकाच ठरावीक जागी परत परत येत असेल, तर तिथे बहुधा आणखी काहीतरी उरलेले असते. ते म्हणजे क्षार, आम्ल किंवा ओल धरून ठेवणारा एखादा पदार्थ. ते निघाले नाही, तर वरचा मुलामा कितीही चांगला असला तरी टिकत नाही.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी मॅगझिन काढावे, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडावा, चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. आपल्याकडच्या कायद्यानुसार परवानाधारकाला स्वतः कोणते सुटे भाग काढता येतात आणि कोणते नाही, हेही आधी पाहून घ्यावे. अनुक्रमांक घासून पुसट होणे हा अनेक देशांत गुन्हा ठरतो, मग हेतू कितीही निर्मळ असो.

लक्षणे

गंज कुठे आहे आणि कसा दिसतो, यावरूनच निम्मे निदान होते. बोल्टच्या मुठीवर किंवा रिसीव्हरच्या कडेला बोटांच्या आकाराचे डाग असतील, तर ते घामातल्या मिठाचे असतात. धातूच्या सगळ्या उघड्या भागावर सारखा, पातळ, पिठूळ तांबूस थर आला असेल, तर दोष साठवणुकीत असतो किंवा अलीकडे वापरलेल्या रसायनात. नळी आणि लाकूड जिथे मिळतात तिथे रेषेसारखा गंज दिसला, तर लाकडाखाली बरेच काही दडलेले आहे असे समजावे. नळीच्या आत आणि बोल्टच्या तोंडावर गोळीबारानंतर एक-दोन दिवसांत येणारा गंज जवळजवळ नेहमी काडतुसाच्या क्षारांचा असतो. सांध्यांच्या कडेने पांढरी पूड फुटत असेल, तर ती ब्लूइंगच्या कढईतून आलेली असते. दमट दिवशी जुन्या खड्ड्यांतून पिवळसर-नारिंगी बारीक थेंब पाझरताना दिसले, तर खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड बसलेले आहे, आणि यादीतला हा सर्वांत चिवट प्रकार आहे.

डाग जिवंत आहे की मेलेला, हे ओळखायला पांढऱ्या सुती कापडावर पातळ तेलाचे दोन थेंब घेऊन तो पुसून पाहावा. कापडावर नारिंगी रंग उतरला तर गंज चालू आहे. तपकिरी-काळपट रंग उतरला, किंवा काहीच उतरले नाही, तर तो बहुधा जुना, स्थिरावलेला थर आहे आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही. संग्राहक ज्याला जुनेपणाची झाक म्हणून मान देतात ती हीच. डागाचे छायाचित्र काढून त्यावर तारीख घालावी, नाहीतर पुढच्या महिन्यात ‘हा वाढला की तेवढाच आहे’ यावर स्वतःशीच वाद होतो.

पहिली तपासणी : रायफल ठेवता कुठे?

याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून हे आधी. कपाटात एक आर्द्रतामापक ठेवून आठवडाभर नोंद करावी. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ पोलादाचाही गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि क्षार असतील तर ही मर्यादा आणखी खाली येते. मी ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहण्याचा प्रयत्न करतो. त्याहून फार कोरडे केले तर धातू सुखावतो, पण अक्रोडाचा दस्ता आक्रसतो आणि चिरतो. सिलिका जेल वापरत असाल तर ते वेळोवेळी सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. वर्षभर तसेच पडलेले सिलिका जेल हे फक्त खडे असतात.

त्यानंतर रायफल कशात गुंडाळली आहे ते पाहावे. चामड्याचे म्यान, चामडी पट्टा, फोमचे अस्तर असलेली पेटी, पीव्हीसीचे आवरण आणि ओकच्या लाकडाचे कपाट हे पाचही संशयित आहेत. वनस्पतिजन्य टॅनिंग केलेल्या चामड्यात आम्ल असते, फोम ओल धरून ठेवतो, पीव्हीसी जुने होताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते आणि ओकमधून ॲसेटिक आम्ल बाहेर पडत राहते. रायफल मूळ पट्ट्यासकट मिळालेली असेल तर पट्टा वेगळा ठेवावा. बाहेरच्या थंडीतून उबदार खोलीत आणलेली रायफल तासभर आवरणातच राहू द्यावी, कारण थंड धातूवर खोलीतले दव लगेच बसते.

दुसरी तपासणी : हात, तेल आणि मेण

बोटांचे डाग असतील तर उपाय सोपा आहे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि कुणी रायफल हाताळून परत दिली की ती पुसूनच कपाटात ठेवावी. तेलाच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. पातळ तेल एका जागी थांबत नाही, ते खाली ओघळते आणि वरचा भाग उघडा पडतो. रायफल नळी वर करून उभी ठेवली, तर हे तेल रिसीव्हरमागच्या लाकडात मुरते आणि काही वर्षांत ते लाकूड काळे आणि मऊ पडते. पाहण्यासाठी मांडून ठेवलेल्या रायफलीला मी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देतो. संग्रहालयांत वापरले जाणारे रेनेसाँ वॅक्स याच जातीचे आहे आणि ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले. मेण मात्र पूर्ण कोरड्या आणि तेलविरहित धातूवरच बसते. ओलाव्यावर लावलेले मेण ओलावा आतच कोंडते.

फॉस्फेटचा मुलामा असलेल्या रायफलींचे तंत्र वेगळे आहे. अमेरिकन एम-१ गॅरंडवर दिसतो तो करडा-हिरवट, मंद पृष्ठभाग म्हणजे मळ नव्हे. तो सच्छिद्र थर आहे आणि तेल धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. त्याला कोरडा ठेवलात तर तो फारसे संरक्षण देत नाही. त्याला चकाकी आणण्याचा प्रयत्न करू नये, एवढेच सांगून पुढे जातो.

तिसरी तपासणी : नळीतला क्षार

रायफलीने गोळीबार होत असेल, तर इथे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. सुमारे ८५ टक्के आर्द्रतेला हा क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतो, आणि त्याआधीही तो धातूला लागून ओल धरत असतोच. अमेरिकेच्या एम-१ कार्बाइनची काडतुसे सुरुवातीपासून या दोषापासून मुक्त होती. इतर अनेक देशांच्या जुन्या साठ्यांची, विशेषतः ७.६२ × ५४ आर या रशियन काडतुसांची, तशी खात्री देता येत नाही. डबीवर काहीही छापलेले असो, शंका असेल तर काडतूस क्षारयुक्तच समजावे.

मीठ तेलात विरघळत नाही. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढचे सगळे आपोआप समजते. गोळीबारानंतर नळीतून तेलाचा बोळा फिरवला तर काजळी निघते, क्षार मात्र तेलाच्या थराखाली सुखरूप राहतो. अमोनियायुक्त द्रवाने क्षार ‘मारला’ जातो, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात तिथे काम करते ते त्या द्रवातले पाणी. म्हणून उपाय पाण्याचाच. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सैनिकही नळीत फनेलने उकळते पाणी ओतत असे. बोल्ट काढावा, दस्त्याभोवती जाड कापड गुंडाळावे, नळीचे तोंड खाली धरून चेंबरच्या बाजूने लिटरभर उकळते पाणी सावकाश ओतावे. तापलेली नळी स्वतःच लवकर कोरडी होते. मग कोरडे बोळे फिरवावेत आणि शेवटी तेल. बोल्टचे तोंड वेगळे धुवावे, आणि एसकेएससारख्या वायूवर चालणाऱ्या रायफलीचा पिस्टन आणि त्याची नळीही. लोक नळी धुतात आणि पिस्टन विसरतात.

एवढे करूनही नळीत गंज परत येत असेल, तर कित्येक दशकांपूर्वीचा क्षार काजळीच्या आणि तांब्याच्या थराखाली अडकलेला असण्याची शक्यता आहे. तेव्हा तांबे काढणारा द्रव, मग गरम पाणी, मग कोरडे बोळे, असे आळीपाळीने करावे लागते. एका रायफलीला मला असे सहा दिवस लागले होते.

चौथी तपासणी : तुमच्याच कामाचे अवशेष

ही तपासणी कुणालाच आवडत नाही, कारण इथे दोष आपला असतो. बाटलीतून कापसाने लावायच्या थंड ब्लूइंगमध्ये बहुधा सेलेनियस आम्ल आणि तांब्याचे क्षार असतात. त्यातून बसणारा काळा थर हा ब्लूइंगच्या खऱ्या थरासारखा मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा) नसतो, त्यामुळे तो गंजाला फारसा अडवत नाही. त्यातून ते आम्ल धुतले गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी पिठूळ तांबूस थर ठरलेला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर गरम पाण्याने धुवावे, लगेच वाळवावे आणि तेल लावावे.

तांबूस थर आधीच आला असेल तर घासू नये, उकळावे. सुटा केलेला पोलादी भाग तेलविरहित करून डिस्टिल्ड पाण्यात वीस ते तीस मिनिटे उकळला की तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. मग वरची मऊ काजळी तेल काढून घेतलेल्या सर्वांत बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने अलगद पुसून घ्यायची. जुन्या काळच्या गंज-ब्लूइंगचे तत्त्वही हेच आहे. यात धातू झिजत नाही, शिक्के शाबूत राहतात, आणि खाली उरलेला क्षारही बराचसा पाण्यात निघून येतो. नळाचे पाणी नको, कारण त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. माझ्याकडच्या सगळ्या उपायांत कमीत कमी खर्चात सर्वाधिक फळ देणारा हाच, आणि तरीही लोक तो शेवटी करून पाहतात.

सांध्यांतून पांढरी पूड येत असेल तर प्रकरण वेगळे आहे. गरम ब्लूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात होते आणि ते द्रावण नेम धरायच्या साइटच्या पायाखाली आणि आट्यांमध्ये शिरून बसते. ओलसर लाल लिटमस कागद त्या पुडीला लावावा. तो निळा झाला तर तोच दोष. तो भाग गरम पाण्यात अनेकदा भिजवून, पाणी बदलत राहावे. पूड सोल्डर केलेल्या सांध्याखालून येत असेल तर मात्र हात आवरावा.

पाचवी तपासणी : लाकडाखाली

अनेक जुन्या लष्करी रायफलींचे लाकूड नळीच्या टोकाजवळपर्यंत जाते, आणि बाहेरून उत्तम दिसणाऱ्या रायफलीच्या पोटात काय आहे हे लाकूड उतरवल्याशिवाय कळत नाही. उतरवताना स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर हवा. माउझरच्या काही रायफलींत मुख्य स्क्रूंना अडवणारे छोटे स्क्रू असतात, ते आधी काढावेत. ली-एनफिल्डच्या नंबर १ मार्क ३ या रायफलीत मागचा दस्ता एका लांब, आट्यांच्या बोल्टने (हा रिसीव्हरमधला बोल्ट नव्हे) बसवलेला असतो आणि त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. पुढचे लाकूड न उतरवता तो बोल्ट फिरवला तर लाकूड मागच्या टोकाशी उभे चिरते. आधी पुढचे लाकूड, मग मागचा दस्ता. हा क्रम चुकल्यामुळे फाटलेली लाकडे मी इतकी पाहिली आहेत की याला इथे मुद्दाम जागा दिली.

आत बहुतेक वेळा घट्ट झालेले जुने ग्रीस आणि त्याखाली चिकटलेला गंज मिळतो. तेल मुरवून, तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीने तो खरवडावा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो आणि धातूवर ओरखडा उठत नाही. तारेचा फिरता ब्रश या कामात आणूच नये.

खरा प्रश्न लाकडाचा आहे. ते ओलसर असेल तर साफ केलेली नळी परत बसवताच गंज सुरू होतो. मी सुटे लाकूड रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो आणि वजन सलग काही दिवस स्थिर होईपर्यंत वाट पाहतो. त्यानंतर नळीच्या खोबणीतही जवसाच्या तेलाचे अगदी पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पुसून काढावा आणि पूर्ण वाळू द्यावा. न वाळलेल्या तेलावर नळी बसवू नये, कारण वाळताना हे तेल थोडे आम्ल सोडते. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावेत.

लाकडात मुरलेले काळे तेल काढायला खडूची पूड आणि टर्पेंटाइनचा लेप लावून तो वाळल्यावर झाडून टाकावा आणि गरजेप्रमाणे पुन्हा लावावा. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्यात कॉस्टिक असते, ते लाकडात उरते आणि तोच नवा दोष होतो. पॉलिश पेपरने लाकूड घासले तर शिक्के जातात आणि लाकूड धातूशी सैल बसते. स्टील वूलचे तुकडे लाकडात अडकले तर लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात.

सहावी तपासणी : पाझरणारे खड्डे

इथे पोहोचलात तर घाई सोडावी. सुटा भाग डिस्टिल्ड पाण्यात उकळावा, पाणी बदलावे, पुन्हा उकळावे. वापरलेल्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर पांढरट धूसरपणा आला तर क्लोराइड अजून निघत आहे. ही चाचणी शुद्ध पाण्यातच करावी, कारण सोडा घातलेल्या पाण्यातही गढूळपणा येतो आणि फसगत होते. पाणी सलग दोनदा निवळ राहिले की भाग वाळवून मेण लावावे. गंज काढणारी तीव्र आम्ले मी वापरत नाही. ती ब्लूइंगही खातात, आणि स्प्रिंगसारख्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. विजेने गंज काढायचा असेल तर स्टेनलेस स्टीलचा ॲनोड (धन टोकाला जोडलेली पट्टी) वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम बाहेर पडते.

इथे थांबावे

चेंबरच्या भोवती लाकडाखाली नखाला जाणवतील असे खड्डे असणे, बोल्टच्या अडकणाऱ्या दात्यांवर खड्डा किंवा बारीक चीर दिसणे, उजेडासमोर पाहताना नळीच्या आत काळी कडी दिसणे (हे नळी फुगल्याचे लक्षण असते), किंवा बोल्ट बदललेला असून त्याचा क्रमांक न जुळणे : यांपैकी काहीही आढळले तर पुढचे काम परवानाधारक कारागिराचे आहे आणि त्याने मापकाने हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमधली काडतूस अडण्याची जागा यांतले अंतर) तपासेपर्यंत त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डचा अनुक्रमांक स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या बाबतीत ८,००,००० पेक्षा कमी असेल, तर गंज असो वा नसो, ती केवळ पाहण्यासाठी ठेवावी. त्या काळात उष्णता-प्रक्रियेत जास्त तापवलेले काही रिसीव्हर ठिसूळ निघाले होते आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाहीत.

सोल्डरखालचा क्षार आणि न निघणारी नळी ही कामेही कारागिराचीच. रायफल दुर्मीळ असेल, कुणीही हात न लावलेल्या मूळ स्थितीत असेल किंवा तिच्यावर लेख कोरलेला असेल, तर मात्र कारागिराऐवजी धातूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. कारागीर वस्तू चालती करतो, जतन करणारा तिला आहे तशी थांबवतो, आणि दोघांना एकच काम सांगितले तर दोन वेगळ्या रायफली परत मिळतात. कुणाकडेही जाताना ती आधी चकचकीत करून नेऊ नये. तारखा घातलेली छायाचित्रे, वापरलेल्या प्रत्येक रसायनाचे नाव आणि शक्य झाल्यास तो नारिंगी डाग उतरलेले कापडही सोबत न्यावे.